लहान जातीच्या कुत्र्यांची खाज व आंघोळ

वर्धा नदीच्या काठी वसलेल्या पुलगावच्या परिसरात कुत्रा हा शेतकऱ्याच्या घरचा जुना सोबती आहे. रात्री तो गोठ्याची राखण करी, दिवसा धन्याच्या मागोमाग धुऱ्यापर्यंत जाई आणि भाकरीच्या तुकड्यावर संतुष्ट राही. त्यास कोणी घरात घेत नसे, आणि आंघोळही घालीत नसे. आता ह्या चित्रात पालट झाला आहे. गावात, आणि हळूहळू आसपासच्या खेड्यांतही, लहान जातीची कुत्री पाळण्याची हौस वाढली आहे. कोणाकडे टेरियर जातीचे, कोणाकडे त्याच्या संकराचे, तर कोणाकडे पामेरियन म्हणून ओळखले जाणारे पिलू आणले जाते. चार-सहा किलो वजनाचे हे जनावर ओसरीवर न राहता माजघरात वावरते व मुलांच्या अंथरुणावर लोळते. त्यास खाज सुटली तर ती एकट्या कुत्र्याची खाज राहत नाही, सबंध घराचा प्रश्न होतो.

असे कुत्रे खाजवू लागले म्हणजे पुढे काय घडते, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या पाहण्यात असेलच. प्रथम घरधनी त्यास अंगाच्या साबणाने आंघोळ घालतो. खाज थांबत नाही, म्हणून आठवड्यातून तीन-चार वेळा आंघोळ होऊ लागते. मग कपडे धुण्याचा साबण येतो, त्यानंतर पाण्यात फिनेल पडते, कोणी शेजारी जळके ऑइल चोळावयास सांगतो. इतके करूनही गुण आला नाही, की घराच्या कोपऱ्यात ठेवलेल्या कपाशीच्या औषधाच्या बाटलीकडे हात जातो. ह्या शेवटच्या पायरीवर कुत्रे दगावते, आणि औषध चोळणाऱ्या हातांसही धोका पोहोचतो. ह्या साऱ्याच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती ही, की खाज म्हणजे मळ. वस्तुतः खाज हे लक्षण आहे. तिची कारणे अनेक असतात, आणि त्यांपैकी फारच थोडी केवळ पाण्याने व साबणाने दूर होतात.

टेरियरची प्रकृती

टेरियर हे नाव भूमी ह्या अर्थाच्या ‘टेरा’ ह्या लॅटिन शब्दावरून आले आहे. बिळात शिरून उंदीर, कोल्हे इत्यादी प्राण्यांस हुसकावून काढण्यासाठी इंग्लंड-स्कॉटलंडकडील लोकांनी ह्या जाती तयार केल्या. माती उकरणे हा त्यांचा स्वभावच आहे. धान्याच्या कोठीपाशी असा कुत्रा असला तर उंदरांवर चांगला वचक बसतो; परंतु गोठ्याच्या कडेची सावलीतील भुसभुशीत माती, जिच्यात पिसवांची अंडी व अळ्या वाढतात, तीच त्यास उकरावयास आवडते. त्यातून कित्येक टेरियरांचे केस राठ व तारेसारखे असतात. त्यांत कुसळे व गोखरूची काटेरी फळे अडकतात, आणि बारीक कुसळ बोटांच्या बेचक्यातून किंवा कानातून आत शिरले तर तेथे गाठ येऊन पू होतो. पुष्कळदा पायाच्या एकाच पंजाची खाज ही खाज नसून असे रुतलेले कुसळ असते. म्हणून औषधाचा विचार करण्यापूर्वी पंजा उलटा करून, बोटे फाकवून, उजेडात पाहावे.

ह्या जातींत आणखी एक गोष्ट आढळते. वेस्ट हायलँड व्हाईट, फॉक्स टेरियर अशा काही वाणांत धूळ, परागकण, घरातील सूक्ष्म किडे ह्यांचे वावडे वंशपरंपरेने येते. अशा कुत्र्यास बहुधा सहा महिने ते तीन वर्षे ह्या वयात खाज सुरू होते. ते पंजे चाटते, तोंड जमिनीवर घासते व त्याचे कान वारंवार लाल होतात. गाजरगवताने माणसाच्या अंगावर कसे चट्टे उठतात, हे शेतकरी बंधूंस सांगावयास नको. १९५५ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम नजरेस आलेले हे तण आज विदर्भातील प्रत्येक पडीक जागेत उभे आहे, आणि कुत्र्याच्या पोटाची उघडी त्वचा त्यावरून घासत जाते. वावड्याची खाज समूळ बरी होत नाही. ती आवरून धरावी लागते, व त्यासाठी पशुवैद्यकाची मदत दीर्घकाळ घ्यावी लागते.

माणसाच्या त्वचेचा वरचा थर कुत्र्याच्या त्वचेहून पुष्कळ जाड असतो. शिवाय आपली त्वचा किंचित आम्ल असते, तर कुत्र्याची त्वचा उदासीन प्रतीच्या जवळ असते. एकासाठी बनविलेले साबण दुसऱ्यास मानवत नाहीत ते ह्यामुळेच. तीव्र साबणाने त्वचेवरील नैसर्गिक तेलकट थर निघून जातो, त्वचा कोरडी पडते, आणि कोरडी त्वचा अधिक खाजते. आंघोळ वाढविली तशी खाज वाढली, अशी तक्रार येते तिचे कारण हेच होय.

खाज कोठे आहे ते पाहावे

कुत्रे अंगाचा कोणता भाग खाजविते, ह्यावरून कारणाचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो. कार्यकर्त्यांनी हा अभ्यास अवश्य करावा. त्यास उपकरण लागत नाही.

शेपटीच्या मुळाशी व कमरेवर खाज असेल, तेथील केस तुटलेले असतील, तर प्रथम पिसवांचा संशय घ्यावा. पिसू चपळ असते व केसांत सहज दिसत नाही. पांढऱ्या कागदावर कुत्र्यास उभे करून त्याच्या पाठीवरून बारीक दातांची फणी फिरवावी. कागदावर काळे कण पडल्यास त्यांवर पाण्याचा थेंब टाकावा. कण विरघळून तांबूस डाग पडला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होय. माती असेल तर तांबडा रंग येत नाही. काही कुत्र्यांस पिसवांच्या लाळेचेच वावडे असते. त्यांना दोन-चार पिसवाही पुरे होतात.

कानांच्या कडा, कोपरे, मागील पायांचे घोटे व पोट येथे खाज असेल, केस जाऊन खपल्या धरल्या असतील आणि कुत्रे रात्रंदिवस बेचैन असेल, तर ती लूत होय. हिचा किडा डोळ्यांस दिसत नाही. तो त्वचेत बोगदे पोखरतो व तेथेच अंडी घालतो. अंड्यापासून पूर्ण वाढलेला किडा होण्यास सुमारे दोन ते तीन आठवडे लागतात. एक सोपी परीक्षा अशी आहे, की कानाची पाळी दुमडून हलकेच चोळली असता लूत झालेले कुत्रे बहुधा मागचा पाय खाजविण्याच्या आविर्भावात हलविते. ह्यावरून निश्चित निदान होत नाही, परंतु दवाखान्यात नेण्यास एवढे कारण पुरेसे आहे. ही लूत माणसासही तात्पुरती लागते. कुत्र्यास कुशीत घेणाऱ्या मुलांच्या दंडावर व पोटावर खाजरे पुरळ उठलेले दिसल्यास मुलांस डॉक्टरांकडे नेताना घरी कुत्रे आहे व तेही खाजविते, हे न विसरता सांगावे. कुत्रे बरे झाल्यावर माणसाचा हा उपद्रव साधारणतः आपोआप शमतो. कुत्र्याकडे दुर्लक्ष केल्यास मात्र मुलांस मलम लावून उपयोग होत नाही.

लुतीचा दुसरा एक प्रकार पिलांमध्ये दिसतो. डोळ्यांभोवती, ओठांपाशी व पुढच्या पायांवर केस जातात, पण आरंभी खाज फारशी नसते. हा किडा केसांच्या मुळाशी राहतो, पिलास तो जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईकडून मिळतो, आणि माणसास त्याची बाधा होत नाही. दोन्ही प्रकारांवरील उपचार सारखे नाहीत. त्वचेचा खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच कोणता प्रकार आहे ते ठरते. वाटोळे, कडेने खवले असलेले चट्टे गजकर्णाचे असू शकतात व तेही घरच्यांस लागते. पावसाळ्यात दाट केसांखाली ओल राहून एका रात्रीत ओली, लाल, दुखरी जखम उमटते. पामेरियनमध्ये हे विशेष दिसते. तेथील केस कापून जागा मोकळी करणे व कुत्र्यास ती चाटू न देणे हा पहिला उपाय होय.

गोचीड : एक गैरसमज

कुत्र्याच्या कानात, मानेवर व बोटांच्या बेचक्यांत गोचिडी दिसल्या की त्या बैलांपासून आल्या असे पुष्कळ शेतकरी मानतात व गोठा फवारून मोकळे होतात. हे निदान बहुतांशी चुकीचे आहे. गुरांवर सामान्यतः दिसणारी गोचीड आपली सर्व वाढ एकाच जनावराच्या अंगावर पुरी करते. कुत्र्याची तपकिरी गोचीड निराळी. ती बाल्यावस्थेत एकदा, पुढच्या अवस्थेत पुन्हा एकदा व पूर्ण वाढ झाल्यावर तिसऱ्यांदा, अशी तीन वेळा कुत्र्याच्या अंगावरून खाली उतरते. शेवटी उतरलेली मादी भिंतीच्या भेगेत, चौकटीच्या फटीत किंवा कौलाखालच्या वाशात जाऊन हजारोंच्या संख्येने अंडी घालते. ह्या गोचिडीस वर चढण्याची सवय असते. घरातील भिंतीवर गोचिडी दिसतात त्या ह्यामुळेच. अन्नावाचून ती कित्येक महिने तग धरते.

ह्याचा अर्थ असा, की ज्या दिवशी आपण कुत्र्यास स्वच्छ करतो, त्या दिवशी गोचिडींची बहुतेक प्रजा कुत्र्यावर नसून घराच्या फटींत असते. एका आंघोळीने त्या संपल्या असे वाटते आणि पंधरवड्याने पुन्हा दिसतात, तेव्हा औषध निकामी ठरले अशी समजूत होते. औषध निकामी नसते, घर उरलेले असते. कुत्रे झोपते ती खोली, तिच्या भिंतींच्या भेगा व चौकटी ह्यांकडे लक्ष द्यावे. भेगा चुना-सिमेंटने बुजवाव्यात. अंथरूण दर आठवड्यास कढत पाण्यात धुऊन उन्हात टाकावे. आपल्याकडील मे महिन्याचे ऊन ह्या एका कामी तरी उपयोगी पडते. केर काढल्यावर तो कोपऱ्यात न ठेवता जाळावा.

हातास लागलेली गोचीड चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ पकडून सरळ ओढून काढावी व साबणाच्या पाण्यात टाकावी. ती नखाने चिरडू नये, बिडीचा चटका देऊन सोडविण्याचाही प्रयत्न करू नये. गोचिडीमुळे कुत्र्यास ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, क्वचित नाकातून रक्त येते. अशी लक्षणे दिसल्यास त्वचेचा प्रश्न बाजूस ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

शेतातील औषध कुत्र्यास लावू नये

प्रस्तुत लेखक कृषी शाखेचा आहे, पशुवैद्यक नव्हे. परंतु ह्या विषयाचा जो भाग कीटकनाशकांशी संबंधित आहे, त्यावर स्पष्ट लिहिणे त्याचे कर्तव्य आहे.

२०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. साठ किलो वजनाच्या धडधाकट माणसास जे औषध उभ्या शेतात, मोकळ्या हवेत बाधले, तेच पाच किलोच्या कुत्र्याच्या कातडीवर चोळणे म्हणजे काय, ह्याचा हिशेब मांडून पाहावा. कपाशीवर वर्षानुवर्षे वापरले गेलेले मोनोक्रोटोफॉस घ्या. त्याच्या ३६ टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये ३६० मिलिग्रॅम विष असते. उंदरांवरील प्रयोगांत वजनाच्या दर किलोमागे पोटात गेलेले पंधरा-वीस मिलिग्रॅम विष निम्मे उंदीर मारण्यास पुरले आहे. हाच दर धरला तर पाच किलोच्या जनावरास शंभर मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिलिटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी द्रावण घातक ठरते. उंदराचे प्रमाण कुत्र्यास तंतोतंत लागू पडत नाही हे खरे. पण कुत्रे आपले अंग चाटते, आणि बाटलीच्या बुचात मावते त्याहून कमी औषधाची ही गोष्ट आहे. खाजवून सोललेल्या त्वचेतून विष अधिक वेगाने रक्तात जाते. बाटलीवर ‘ई. सी.’ अशी अक्षरे असतील तर त्यात तेलकट द्रावकेही असतात व ती त्वचा भाजून काढतात.

बाटलीवरील चौकोनातील रंग पाहण्याची सवय लावावी. लाल रंग सर्वांत अधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व शेवटी हिरवा. परंतु हिरवा रंग म्हणजे जनावरास लावण्याची परवानगी, असा अर्थ कोणी करू नये. ती वर्गवारी पिकावरील औषधे हाताळण्यासाठी आहे.

वयस्क मंडळी गॅमेक्झिन पावडरीची आठवण काढतात. एके काळी ती गुराढोरांवर सर्रास भुरभुरली जाई. बी. एच. सी. ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या औषधावर १९९७ साली देशात बंदी आली. जुन्या डब्यात ती शिल्लक असल्यास कुत्र्यावर वापरू नये.

गुरांसाठी मिळणाऱ्या औषधांचीही हीच कथा आहे. आयव्हरमेक्टिनचे एक टक्का इंजेक्शन गुरांस दर पन्नास किलो वजनास एक मिलिलिटर ह्या प्रमाणात देतात. पाच किलोच्या कुत्र्यास ह्या मापाने एक मिलिलिटरचा दहावा हिस्सा येईल. मोठ्या पिचकारीत तो नीट मोजताही येत नाही, हात किंचित सरकला तरी मात्रा दुप्पट-तिप्पट होते. त्यातून कोली व तिच्या रक्ताच्या काही कुत्र्यांस हे औषध मेंदूपर्यंत पोहोचून बाधते. अमिट्राझच्या गोचीडनाशक द्रावणाने लहान पिलास गुंगी येते, हृदयाची गती मंदावते. ही औषधे वाईट आहेत असे नव्हे. पशुवैद्यक ती कुत्र्यांत वापरतातही. परंतु मात्रा त्यांनी ठरवावयाची असते. आता कुत्र्यांसाठी वजनानुसार तयार केलेल्या गोळ्या व मानेवर टाकावयाचे थेंब मिळतात; त्यांतील काही गोळ्या पिसवा, गोचीड व लूत तिन्हींवर चालतात. कुत्र्यास पूर्वी फेफरे आले असल्यास मात्र पशुवैद्यकास तसे सांगावे. आणखी एक सूचना : कुत्र्यांच्या ज्या थेंबांत परमेथ्रिन असते ते मांजरास प्राणघातक आहेत. घरात मांजर असेल तर विचारल्यावाचून वापरू नयेत.

चुकून विषारी औषध लागलेच, आणि कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, अंग थरथरू लागले, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या किंवा आचके येऊ लागले, तर वेळ दवडू नये. हातांत रबरी मोजे किंवा निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून कोमट पाण्याने व सौम्य साबणाने अंग धुवावे. आचके येत असल्यास धुण्यात वेळ न घालविता तसेच न्यावे. उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये, तोंडात दूध-तूप ओतू नये. औषधाची बाटली किंवा तिचे लेबल दवाखान्यात बरोबर न्यावे. काही विषांवर अॅट्रोपिन चालते, काहींवर चालत नाही, आणि कोणते विष आहे हे त्या लेबलावरूनच पशुवैद्यकास कळते.

आंघोळ कशी घालावी

कारण समजल्यावर आंघोळीस तिचे योग्य स्थान मिळते. निरोगी लहान कुत्र्यास साधारणतः तीन-चार आठवड्यांतून एकदा आंघोळ पुरते. चिखलात लोळून आले तर नुसत्या पाण्याने पाय-पोट धुवावे. औषधी शांपू दिला असेल तर आंघोळ किती वेळा घालावयाची ते पशुवैद्यक सांगतील. आठवड्यातून एक-दोन वेळाही लागू शकते.

पोळ्याच्या सणास बैल धुताना आपण जी आस्था दाखवितो, तिचा थोडा अंश येथे पुरे आहे. प्रथम कोरड्या अंगावरून फणी फिरवून गुंता व कुसळे काढावीत. गुंत्यावर पाणी पडले की तो आवळतो व खाली ओल धरतो. घंगाळात कोमट पाणी घ्यावे, हाताच्या कोपरास जेमतेम उबदार लागेल इतके. उन्हाळ्यात सकाळची वेळ बरी. टाकीतील दुपारचे तापलेले पाणी लहान जनावरास भाजू शकते, ही गोष्ट विदर्भात विशेष ध्यानात ठेवावी. कानात पाणी जाऊ नये म्हणून कापसाचा बोळा सैल ठेवावा, व आंघोळीनंतर तो आठवणीने काढावा. केस वरवर नव्हे, मुळापर्यंत भिजवावेत. शांपू थोड्या पाण्यात मिसळून मानेपासून मागे लावावा व डोळ्यांपासून दूर ठेवावा.

औषधी शांपू लावून लगेच धुऊन टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. त्वचेवर तो सुमारे दहा मिनिटे राहू द्यावा लागतो. एवढा वेळ टेरियर स्वस्थ उभे राहत नाही, ह्याची लेखकास कल्पना आहे. एकाने धरावे, एकाने चोळावे आणि घड्याळ पाहावे, कारण अंदाजाची दहा मिनिटे तीन मिनिटांतच संपतात. नंतर पाणी निवळ येईपर्यंत धुवावे. काखेत व बोटांमध्ये राहिलेला शांपू स्वतःच खाज उत्पन्न करतो. टॉवेलने टिपून कोरडे करावे, रगडू नये. बोटांच्या बेचक्या व कानामागची जागा विशेष पुसावी. सावलीत वाऱ्यावर बसवावे. दुपारच्या उन्हात बांधून वाळविण्याची पद्धत सोडून द्यावी.

डेटॉल, फिनेल, सोडा, रॉकेल ह्यांपैकी काहीही आंघोळीच्या पाण्यात टाकू नये, कारण कुत्रे ते नंतर चाटून पोटात घेते. कडुलिंबाच्या पाल्याचे उकळून गार केलेले पाणी शेवटी अंगावर ओतण्यास हरकत नाही, परंतु त्याने लूत बरी होईल अशी अपेक्षा धरू नये. निव्वळ लिंबाचे किंवा करंजाचे तेल सोललेल्या त्वचेवर झोंबते. हळद लावल्याने अपाय नाही. तथापि पिवळ्या लेपाखाली जखम वाढते आहे की भरते आहे, ते दिसेनासे होते. मानेवर टाकावयाचे थेंब वापरीत असल्यास आंघोळ व थेंब ह्यांत दोन्ही बाजूंनी दोन दिवसांचे अंतर ठेवावे, नाहीतर औषध शांपूबरोबर वाहून जाते.

दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवशी मात्र आंघोळ घालू नये व कोणतेही तेल लावू नये. खपल्या धुतल्या गेल्या की खरवडीत किडे सापडत नाहीत. खाज केव्हापासून आहे, कोठे सुरू झाली, घरातील माणसांस किंवा दुसऱ्या जनावरांस आहे काय, आजवर काय काय लावले, ह्या चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. लावलेल्या वस्तूंत कपाशीचे औषध असेल तर संकोच न करता तेही सांगावे. स्थानिक दवाखान्यात निदान न झाल्यास नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाता येते. १९५८ साली सुरू झालेले हे महाविद्यालय आता महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग असून, पुलगावहून रेल्वेने सकाळी निघून संध्याकाळी परतणे शक्य आहे. लुतीचा उपचार एका भेटीत संपत नाही. खाज थांबली तरी पुढच्या तारखेस कुत्र्यास पुन्हा न्यावे, आणि घरात दुसरे कुत्रे असल्यास ते खाजवीत नसले तरी त्यासही बरोबर घ्यावे.